घर म्हणजे मागे

गादी होती म्हणून ती वाचली. सकाळची वेळ, रोजचा चौक, रोजचं वळण. रस्ता ओलांडायला तिनं पाऊल टाकलं न टाकलं तोच समोरच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरून एका बाईनं खाली खेळणाऱ्या आपल्या पोराला हाक मारली, "घर! आधी घर!" आणि इकडे रस्त्यावर तिच्या पायांनी डोक्याला न विचारता परस्पर निर्णय घेऊन टाकला. गुडघे वाकले, हात दोन्हीकडे पसरले, आणि नजर समोरच ठेवून ती भराभर मागे पळाली ती थेट मागून गादीची वळकटी डोक्यावर घेऊन येणाऱ्या माणसावर जाऊन आदळली. वळकटी घसरली, दोघांच्या मधे आली, आणि ती भर रस्त्यात त्या गादीला पाठ टेकून, पन्नाशी उलटलेली, गळ्यात शिट्टी अडकवलेली, अशी क्षणभर आरामात बसल्यासारखी राहिली. "लोकांना म्हणतो पुढे बघून चाला," गादीवाला म्हणाला, "तुम्हाला काय म्हणू आता?" ती म्हणाली, "चुकलं हो. माझंच चुकलं." त्यानं तिला हात दिला, गादी झटकली. "लागलं नाही ना? नशीब तुमचं. काल कपाट होतं डोक्यावर." आजूबाजूचे दोघं-तिघं हसले, तीही हसली. पोरगं मात्र आईच्या हाकेला अजिबात दाद न देता खालीच खेळत होतं. ज्याला हाक होती तो जागचा हलला नाही आणि जिचा काही संबंध नाही ती पळाली, हे तिच्या मनात आलं आणि हसू जिथल्या तिथे जिरलं.

चौक मागे पडला, कॉलेजचा रस्ता आला, तरी भीती काही जाईना. पडायची भीती तिला नव्हती. पडणं तिला नवीन नव्हतं, एक गुडघा तर तिनं तरुणपणीच बास्केटबॉलच्या कोर्टाला देऊन टाकला होता. भीती त्या शब्दाची होती, आणि ती कळायला तिच्या धंद्यातले शब्द माहीत हवेत. तिला खेळवणारे जे सर होते, तिचे पहिले आणि शेवटचे कोच, त्यांचं म्हणणं असं की बोटांच्या खुणा केल्या तर त्या समोरच्या बेंचवरूनही दिसतात, आणि पुस्तकातले शब्द वापरले तर ती पुस्तकं समोरच्यांनीही वाचलेली असतात. तेव्हा पोरींना घरातले शब्द द्या. घाबरलेल्या माणसाला तेवढेच ऐकू येतात. म्हणून "घर" म्हणजे सगळ्यांनी मागे, आपल्या बास्केटखाली, दार लावून बसल्यासारखं. "बाजार" म्हणजे सगळ्यांनी पुढे, समोरच्यांच्या अंगावर, त्यांना श्वास घ्यायलाही जागा ठेवायची नाही. "खिडकी" म्हणजे दोघींच्या मधल्या फटीतून पास. "चहा" म्हणजे घाई नको, चेंडू हातात ठेवा, दम खा. या शब्दांवर ती खेळली, याच शब्दांवर सरांची मदतनीस झाली, आणि पुढे स्वतः कोच झाल्यावर तिनं ते जसेच्या तसे आपल्या मुलींना दिले. लोकांच्या घरात सासूची भांडी सुनेकडे जातात तसे. दर वर्षी मुली यायच्या, जायच्या, शब्द तेच. आणि तीन आठवड्यांपूर्वी तिनं स्वतःच त्यातले दोन उलटे करून ठेवले होते.

त्याचं कारण धाकटी. कोच झाल्यावर पहिल्या वर्षी हाताशी आलेल्या टीममध्ये ही वयानं सगळ्यात लहान, म्हणून धाकटी; आता तिच्या कानांवरचे केस पिकले तरी नाव तेच. आधी खेळाडू, मग कॅप्टन, मग शिकून आल्यावर मदतनीस. मॅडमचं वाक्य अर्धं झालं की उरलेलं अर्धं धाकटी मुलींना सांगायची, आणि ते तंतोतंत तेच असायचं. दोन वर्षांपूर्वी बॉल ठेवायच्या खोलीत दोघी चेंडूंत हवा भरत बसल्या होत्या तेव्हा धाकटी खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, तिकडच्या कॉलेजनं बोलावलंय. मुख्य कोच म्हणून. जाऊ का?" ती पंप मारतच राहिली. "विचारतेस म्हणजे ठरवलं असशीलच." धाकटी म्हणाली, "तुम्ही थांब म्हणालात तर थांबेन." यावर जा म्हणता आलं असतं, थांब म्हणता आलं असतं, दोन्हींपैकी काहीही चाललं असतं. ती म्हणाली, "त्या चेंडूत हवा जास्त होतेय." आज दुपारी तीच धाकटी समोरच्या बेंचवर असणार होती, आणि तिला घर ठाऊक, बाजार ठाऊक, सगळंच ठाऊक. म्हणून तीन आठवड्यांपूर्वी तिनं मुलींना गोळा करून सांगितलं होतं, की आजपासून घर म्हणजे बाजार आणि बाजार म्हणजे घर. मी घर म्हणाले की पुढे झेपावायचं. त्यांना वाटेल आपण मागे चाललो. कॅप्टननं विचारलं होतं, "मॅडम, मग आईनं घरी ये म्हटलं की बाजारात जायचं का?" आणि पहिल्या वर्षाची ती किडकिडीत मुलगी, जिला सगळ्या कच्चं लिंबू म्हणता म्हणता नुसतं लिंबूच म्हणायला लागल्या होत्या, ती गंभीरपणे म्हणाली होती, "मी तशीही जातेच." सगळ्या हसल्या. लिंबू सगळ्यात आधी शिकली. तिच्याकडे पुसून टाकण्यासारखं जुनं काही नव्हतंच. आणि शिकवणारीचे पाय मात्र भर चौकात जुन्याच शब्दाला जागले. पायांचं असं, तर तोंडाचं काय? आयत्या वेळी, हॉल दणाणत असताना, आपल्या तोंडून काय निघेल याची खात्री ती देऊ शकत होती का? तिनं रस्त्यातच हळू आवाजात म्हणून पाहिलं, "मागे, बाजार. पुढे, घर." शेजारून जाणाऱ्या माणसानं तिच्याकडे पाहिलं आणि सांभाळून थोडं अंतर ठेवलं.

तसा एखादा सामना हरणं काही जगबुडी नव्हती. आयुष्यभरात ती इतके हरली होती की हरल्यावर बूट कसे शांतपणे सोडायचे हेही तिला येत होतं. पण नव्या प्राचार्यांनी परवा व्हरांड्यात तिला गाठून, अतिशय गोड आवाजात म्हटलं होतं, "मॅडम, हा सामना होऊ दे. मग आपण निवांत बसू." बसू. परवापासून तो शब्द तिच्या दातात अडकलेल्या धाग्यासारखा होता. ज्याला काढायचं नसतं त्याच्याशी कोणी बसत नाही, उभ्या उभ्याच बोलतं. आणि निवांत? निवांत कशाला? तिची नेमणूक वर्षावर्षाच्या मुदतीची, इतकी वर्षं झाली तरी मुदतीचीच. दर उन्हाळ्यात ती पुढे ढकलली जायची आणि दर उन्हाळ्यात तिचा जीव टांगणीला लागायचा. मागच्या आठवड्यात हॉलमध्ये एक तरुण माणूस, पायात कोरे बूट, भिंतींकडे बघत फिरून गेला होता. कोण म्हणून विचारलं तर शिपाई म्हणाला, "असंच, बघायला आलेत." तिनं हे आधी एकदा पाहिलं होतं. सर निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांनी धरून चालल्याप्रमाणे तिनंही धरून चाललं होतं की आता आपणच. आणि एका सकाळी सरांच्या खुर्चीवर, मुलींच्या टीमला कधी हात न लावलेले एक गृहस्थ बसलेले होते. वर तिला म्हणाले, "तुम्ही आहातच की मदतीला." ती होतीच. चेंडूंची जाळी खांद्यावर टाकून आणखी काही वर्षं ती होतीच, आणि मग हे कॉलेज मिळालं. इथला हॉल तिनं उभा केला म्हटलं तरी चालेल. गळकं छप्पर होतं तेव्हा बादल्यांच्या मधून ड्रिबल करायला मुलींना शिकवलं होतं तिनं. आज जिंकलो तर प्राचार्यांचं ते बसणं कौतुकाचं होईल, टीम पहिल्यांदाच अंतिम फेरीत जाईल, आणि अंतिम फेरीतल्या टीमच्या कोचला कोणी व्हरांड्यात गाठत नाही. हरलो तर कोऱ्या बुटांचा माणूस होताच.

आणि त्यात आज मुलगी येणार होती. दातांची डॉक्टर झालेली, दोन दिवसांसाठी आलेली तिची मुलगी. आज संध्याकाळच्या बसनं लांबच्या शहरात जाणार, तिथल्या दवाखान्यात नवी नोकरी, आणि मग वर्षाकाठी एखादी खेप झाली तर झाली. काल जेवताना म्हणाली, "मी मॅचला येते उद्या. तिथूनच निघेन." "कशाला? कंटाळशील." "लहानपणी रोज कंटाळायचेच की," मुलगी म्हणाली, आणि म्हणताना हसली, त्यामुळे त्याला उत्तर द्यायची सोय राहिली नाही. मुलीचं सगळं लहानपण हॉलच्या बेंचवर गेलं होतं. शाळा सुटली की शिपाई तिला आणून सोडायचा, ती दप्तर उघडून अभ्यास करायची, मग चित्र काढायची, मग पाय हलवत बसायची. दुसरं कोण होतं बघायला? तिचा बाबा काही वैतागून, भांडून गेला नव्हता. त्याची बदली झाली, आणि ती बदली रद्द करून घ्यायचा प्रयत्न दोघांपैकी कोणीच केला नाही, इतकंच. तर ती एवढीशी मुलगी बेंचवर बसलेली असायची, आणि कोर्टाच्या कडेवरून आई ओरडायची, "घर!" की मुलगी वही मिटायची, पेन्सिल कंपासात घालायची, दप्तर पाठीला लावायची आणि जाऊन दारापाशी उभी राहायची. टीमच्या मुली हसून हसून लोळायच्या. "अगं, ते घर नाही, हे घर!" म्हणून बास्केटकडे बोट दाखवायच्या. आईही हसायची आणि म्हणायची, "पाचच मिनिटं हं, बाळा. झालंच." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घर म्हटलं की दप्तर पाठीवर. असं किती दिवस चाललं कोण जाणे. ते सगळ्यांच्या करमणुकीचं झालं होतं, धाकटी तर मुद्दाम तिच्याकडे बघत बसायची. मग एक दिवस ती "घर!" म्हणून ओरडली आणि सहज बेंचकडे पाहिलं तर मुलीनं मानसुद्धा वर केली नव्हती. चित्र काढत होती. तेव्हा तिला हायसं वाटलं होतं. शहाणी झाली पोरगी, असं तिनं धाकटीला सांगितल्याचंही आठवत होतं. आज कॉलेजच्या फाटकाशी येईपर्यंत हे सगळं पुन्हा वर आलं. हायसं? पोरीनं घरी जायची आशा सोडली, आणि आपल्याला हायसं वाटलं?

दुपारी हॉल भरत गेला. लाकडी जमिनीवर बुटांचे चिरके आवाज, नव्या रबराचा वास, कोपऱ्यातला पंखा कुरकुरत कसाबसा फिरतोय. तिनं मुलींना भोवती घेतलं आणि पुन्हा एकदा म्हणवून घेतलं: घर म्हणजे? "पुढे!" बाजार म्हणजे? "मागे!" लिंबू सगळ्यात मोठ्यानं ओरडत होती. कॅप्टन ओरडत होती पण तिच्या डोळ्यांत किंचित उशीर दिसत होता, पाठ केलेलं आठवून सांगताना होतो तसा. कॅप्टन चौथ्या वर्षाला होती. ते शब्द तिच्याही हाडांत मुरले होते. तेवढ्यात धाकटी आपल्या टीमला बेंचवर बसवून इकडे आली. हात पुढे करावा की नाही या विचारात असल्यासारखी. "मॅडम, बऱ्या आहात ना? गुडघा काय म्हणतो?" "म्हणतो काय, आहे जागेवर." "थंडीत शेकत चला." "तुझ्या मुली उंच आहेत गं." "उंच आहेत, पण ऐकत नाहीत," धाकटी म्हणाली, आणि दोघी एकदमच म्हणाल्या, "ऐकतील." धाकटीनं मॅडमच्या गळ्यातल्या शिट्टीची दोरी उलटी झाली होती ती सरळ केली, पूर्वी रोज करायची तशी, आणि मग एकदम हात मागे घेतला. "येते," म्हणाली. ती बघत राहिली. ही शब्द बदलून आली असणार, हुशार आहे, मी शिकवलंय, माझ्या आधी तिलाच सुचलं असणार.

पण खेळ सुरू झाला आणि थोड्याच वेळात समोरच्या बेंचवरून आवाज आला, "घर!" घ कठीण, र गिळलेला, शेवट वर उडवलेला. तो तिचाच आवाज होता. धाकटीच्या मुली झपाझप मागे गेल्या, आपल्या बास्केटखाली, सरांनी सांगितल्याप्रमाणे दार लावून बसल्या. आणि तिच्या स्वतःच्या दोघी, लिंबू आणि आणखी एक, नव्या शिकवणीला इमानदारीनं जागून, कारण नसताना पुढे झेपावल्या आणि एकमेकींवर आपटल्या. लोक हसले. धाकटीनं काहीच बदललं नव्हतं. "खिडकी!" तिकडून. "चहा, चहा!" तिकडून. आपल्या घरात कोणी परकं माणूस आपल्याच आवाजात बोलतंय आणि आपण बाहेर उभे आहोत असं तिला वाटत राहिलं, आणि आपल्याच मुलींना हाक मारायची तर आधी मनात तिचं भाषांतर करून घ्यावं लागत होतं. मागे हवंय, म्हणजे बाजार. पुढे हवंय, म्हणजे घर. एवढ्या अवधीत एक मुलगी अर्धं कोर्ट पार करते. मध्यंतरात लिंबूनं घाम पुसत विचारलं, "मॅडम, घर कोणाचं ऐकायचं? आपलं की त्यांचं?" "फक्त माझा आवाज ऐकायचा," ती म्हणाली. लिंबू पाणी पिता पिता थांबली. "पण मॅडम, आवाज सारखाच आहे." कॅप्टननं तिला कोपरानं ढोसलं, पण बोलायचं ते बोलून झालं होतं. त्याच वेळी तिला वर, अगदी शेवटच्या पायरीवर, दाराला लागून बसलेली मुलगी दिसली. पायांशी मोठी प्रवासाची बॅग. मुलीनं हात हलवला. तिनंही हलवला.

दुसऱ्या डावात तिनं जीभ चावून धरली म्हणा ना. एकही शब्द तोंडातून तपासल्याशिवाय सुटू दिला नाही. उंबरठ्यावर उभं राहून प्रत्येकाला कोण, कुठले विचारावं तसं ती एकेका शब्दाला विचारत होती. आणि ते जमत होतं, खरंच जमत होतं. "बाजार" म्हटलं की मुली मागे जात होत्या, "घर" म्हटलं की पुढे, आणि धाकटी पहिल्यांदा फसली, दुसऱ्यांदा फसली, मग बेंचवरून उठून कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघायला लागली, ओठांवर हसू यावं की राग अशी. गुण मागेपुढे होत राहिले. प्राचार्य पहिल्या रांगेत मांडीवर बोटं वाजवत होते, त्यांच्या शेजारी कोरे बूट. मग अगदी शेवटी, घड्याळात काही म्हणता काही उरलेलं नसताना, कॅप्टननं गर्दीतून उडी घेऊन चेंडू आत टाकला आणि आपण एका गुणानं पुढे गेलो. हॉल उभा राहिला. चेंडू आता त्यांच्याकडे, त्यांच्याच बास्केटखालून त्यांनी आत फेकायचा, आणि आपण फक्त मागे जायचं, सगळ्यांनी, दार लावून बसायचं, संपलं. इतकंच काम होतं. मागे हवंय, म्हणजे. तिनं वर पाहिलं. का पाहिलं ते तिला नंतर कधीच सांगता आलं नाही. मुलगी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होती. बसची वेळ. आणि तिच्या तोंडून, पोटातून, सरांच्याही मागच्या कुठल्यातरी काळातून आल्यासारखा तो शब्द निघाला, "घर!"

त्या एका शब्दानं हॉलमध्ये जो गोंधळ उडवला तो बघणाऱ्यांपैकी कोणालाच नीट कळला नसेल. लिंबू आणि तिच्यासारखीच एक नवी, शिकवल्याप्रमाणे विजेसारख्या पुढे गेल्या. कॅप्टन आणि तिच्या बरोबरीची एक, मॅडमचा चेहरा बघून, आवाजातला जुना अर्थ ओळखून, मागे बास्केटखाली पळाल्या. पाचवी जागच्या जागी रडकुंडीला आली. आणि धाकटीच्या मुली, त्यांच्या कानांना तो त्यांच्याच कोचचा आवाज, त्यांचंच घर. पुढे निघालेल्या दोघी गर्रकन वळून आपल्या बास्केटकडे परत धावल्या. कोर्टाच्या मध्यावर उरली ती त्यांची एकच मुलगी, चष्मा दोरीनं डोक्याला बांधलेली, नुकतीच बदली म्हणून आत आलेली. तिला बहुधा अजून कोणी शब्दच शिकवले नव्हते. ती होती तिथेच उभी होती, आणि चेंडू टाकायला दुसरी कोणीच मोकळी नाही म्हणून तो तिच्याकडे आला. ती पुढे चालत गेली. धावलीसुद्धा नाही. आपल्या दोघी पुढे, दोघी मागे, मधे कोणी नाही. चष्मेवालीनं थांबून, नेम धरून, वर्गात फळ्यावर खडू फेकावा तसा चेंडू फेकला आणि तो आत गेला. भोंगा वाजला. इकडे कडेला ती स्वतः बास्केटकडे बघत नव्हती. ती वर बघत होती. शेवटच्या पायरीवर मुलगी उभी राहिली होती, बॅगचा पट्टा खांद्यावर चढवलेला, आणि सगळा हॉल ओरडत असताना ती वळून दारापाशी जाऊन उभी राहिली. चालली, असं तिला वाटलं. न सांगता चालली.

मुली रडत होत्या. कॅप्टन हुंदके देत म्हणाली, "मॅडम, मी मागे आले. मला कळलं होतं तुम्हाला काय म्हणायचंय." लिंबू लालबुंद झाली होती. "पण घर म्हणजे पुढे ना? मॅडम, तुम्हीच सांगितलंत ना? घर म्हणजे पुढे?" ती दोघींच्या मधे उभी राहिली. दोघींचे खांदे ओले होते, गरम होते. "तू बरोबर आलीस," ती कॅप्टनला म्हणाली, आणि लिंबूला म्हणाली, "आणि तू बरोबर गेलीस. चुकले मी." लिंबूला ते मुळीच पटलं नाही, तिला कोणीतरी एकच बरोबर हवं होतं. धाकटी आली तेव्हा तिच्याही चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं. "माझ्या दोघी परत पळाल्या, पाहिलंत? तुमच्या ओरडण्यानं," ती म्हणाली. "ती चष्मेवाली नसती तर मी हरले होते." "शब्द बदलायचे होतेस की. मी बदलले," ती म्हणाली. धाकटीनं मान हलवली. "बसले होते बदलायला, मॅडम. दोन रात्री बसले. दुसरे सुचलेच नाहीत." मग जे दोन वर्षांपूर्वी हवा भरताना म्हणायचं राहिलं होतं ते तिच्या तोंडून फार साध्या आवाजात गेलं, "बरं झालं गेलीस तू. छान खेळवतेस." धाकटीचे डोळे भरून आले आणि तिनं खाली वाकून, बूट बांधायच्या निमित्तानं, ते लपवले. तिच्या पायांत बंद नसलेले बूट होते.

मागून प्राचार्य आले. त्यांच्या पाठी दोन पावलांवर कोरे बूट थांबले. "वाईट झालं हो, मॅडम. अगदी हातातोंडाशी आलेलं," प्राचार्य त्याच गोड आवाजात म्हणाले. "आता जरा बसू या का? आत्ताच. पाचच मिनिटं." पाचच मिनिटं. तिनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. ते शब्द म्हणताना चेहरा कसा ठेवायचा असतो, मान किती कलती करायची असते, हे तिला या हॉलमधल्या कोणाहीपेक्षा चांगलं ठाऊक होतं. आणि त्या पाच मिनिटांच्या शेवटी काय असतं तेही. सकाळपासून, परवापासून, कदाचित सरांच्या खुर्चीवरच्या त्या गृहस्थांपासून ती ज्याला घाबरत आली होती ते समोर उभं होतं आणि खुर्ची पुढे करत होतं. "उद्या बसू, सर," ती म्हणाली. "आज मला थांबता यायचं नाही." आणि शिट्टी गळ्यातून काढून तिनं कॅप्टनच्या हातात दिली, चेंडू गोळा करून घ्या म्हणून, आणि पायऱ्या चढायला लागली. गुडघा प्रत्येक पायरीला बोलत होता. दाराच्या चौकटीत कोणी दिसत नव्हतं. उशीर झाला, नेहमीसारखा उशीर झाला. ती दाराबाहेर आली तर मुलगी भिंतीला टेकून उभी होती, बॅग खांद्यालाच.

"बस?" तिनं विचारलं. "गेली असेल एव्हाना. उद्या सकाळी आहे दुसरी." मुलगी आपल्याच पायांकडे बघत होती, ओशाळल्यासारखी. "आई, तू ओरडलीस ना, घर म्हणून. आणि मी उठलेच. बॅग उचलली, दाराशी येऊन उभी राहिले, मग कळलं काय केलं ते. वेडीच आहे मी." ओरडले कोणाला, हे तिलाही कुठे ठाऊक होतं? "मला वाटलं ते तुझं सुटलं," ती शेवटी म्हणाली. "लहानपणीच सुटलं होतं. तू मान वर करायचं बंद केलंस." मुलगी म्हणाली, "मान वर करत नव्हते. दप्तर भरलेलंच असायचं." नंतर दोघी चालायला लागल्या. बॅग जड होती. मुलगी नको म्हणत असताना तिनं एक पट्टा धरला, आणि दोघींची चाल जमेना म्हणून बॅग सारखी कोणाच्या ना कोणाच्या पोटरीवर आपटत होती. उद्या प्राचार्य काय म्हणतील, परवा मुली कोणाच्या शिट्टीवर धावतील, हे विचार सोबत होतेच, ते काही हॉलमध्ये राहायला तयार नव्हते. चौकाशी आल्यावर पट्टा हातात कापायला लागला म्हणून तिनं तो सोडला, मुलीनं बॅग खांद्यावर घेतली आणि ती स्वतः मुलीच्या एक पाऊल पुढे गेली, रस्ता मोकळा आहे का बघायला. वरच्या मजल्यावरची बाई गॅलरीत आली होती. खाली तेच पोरगं, तोच खेळ. "घर!" बाई ओरडली. "किती वेळा सांगायचं, घर!" इकडे हिचे गुडघे वाकले, हात पसरले, आणि आता सावरणं शक्य नाही हे कळत असतानाच ती भराभर मागे गेली. मागे मुलगी होती.